वाळवलेला ओटा

आता हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तर आधीच हसून घ्या. कुरडया वाळवतात तसा मी दारातला ओटा वाळवला, त्याची ही गोष्ट.

तीर्थपुरीला आमचं आणि थोरल्या जाऊबाईंचं अंगण एक, दारं दोन. त्यांच्या दारापुढं सिमेंटचा ओटा, माझ्या दारापुढं माती. माझी परी रांगायला लागली तशी माती खायला लागली. माझ्या जिवाला नुसता घोर. जंत होतील, पोट फुगंल! जाऊबाईंची लेक मात्र गुळगुळीत ओट्यावर बसून गूळपोळी खायची. येणारी-जाणारी बाईसुद्धा तिथंच टेकायची, माझ्या दाराकडं पाठ करून. जीव जळणार न्हाई तर काय होईल?

परीच्या पप्पांच्या मागं लागून शेवटी मी ओटा करून घेतला. जाऊबाईंच्या ओट्यापेक्षा वीतभर उंच. एवढं तर पाहिजेच ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येते तर जाऊबाई माझ्या कोऱ्या ओट्यावर बादली ओतून राह्यल्या.

"आक्का, हे काय लावलंय?"

"पाणी मारते गं. गवंडी सांगून गेला, आठवडाभर ओला ठेवा म्हणून. न्हाई तर भुगा होतोय त्याचा."

मी मनात म्हटलं, वा! ओल्यानं कधी काय कडक झालंय? पापड, सांडगे, गोवऱ्या, सगळं वाळल्यावरच खणखणीत होतं. ह्यांना माझा उंच ओटा खुपला, बिलकुल खुपला!

"राहू द्या," मी म्हटलं, "परी घसरून पडंल." आणि त्यांच्यादेखत फडक्यानं ओटा पुसून घेतला.

तरी त्यांचं येणं थांबंना. मंग मी उजाडायच्या आत बाज टाकून ओट्यापुढं राखणीला बसायला लागले. त्या बादली घेऊन यायच्या, मला बघून मागं फिरायच्या. उन्हानं ओटा पांढराफटक झाला. मला वाटलं, काय उजळलाय!

परीच्या पहिल्या वाढदिवसाला मी गल्लीतल्या बाया बोलावल्या आणि सगळ्यांना मुद्दाम माझ्याच ओट्यावर बसवलं. शेजारच्या काकू कडेला टेकल्या, ती कड त्यांच्यासंगंच खाली आली. मी म्हटलं, "जराशी धूळ हाये," आणि जल्दी झाडू घेतला. झाडते तर काय, जितकं झाडावं तितका ओटा सुपात! दोन सुपं भरली तरी धूळ सरंना. बाया पदर झाडत एकेक करून उठल्या आणि पलीकडं जाऊबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

तेवढ्यात सासूबाईंचं लक्ष परीकडं गेलं. तिचे गाल फुगलेले, तोंड चालू.

"परत माती खातीय का गं ही?"

जाऊबाईंनी परीच्या तोंडात बोट घालून काढलं, नीट बघितलं आणि सासूबाईंना शांतपणे म्हणाल्या,

"माती सुटली तिची. आता आईचा ओटा खातीय."