लेबलं सोललेल्या कॅसेटी

परभणीत स्टेशन रोडला पंडितची कॅसेट लायब्ररी होती. कॅसेटी भाड्यानं द्यायच्या आणि गावोगावच्या गायकांची गाणी स्वतः भरून ठेवायची, हा त्याचा धंदा. माणूस गोड, पण नव्याची भारी हौस. त्र्याण्णव साली त्यानं औरंगाबादहून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि सगळ्या कॅसेटींची यादी त्यात भरायला घेतली.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! यादी पुरी व्हायच्या आधीच त्यानं कॅसेटींवरची हातानं लिहिलेली लेबलं सोलून काढली आणि नुसते नंबर चिकटवले. विकणाऱ्यानं बजावलं होतं, यादीची दुसरी फ्लॉपी करून ठेवा, आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही. पंडितनं ते हसण्यावारी नेलं. "कॉम्प्युटर काय माणूस हाय का इसरायला?"

एका दुपारी यादी फ्लॉपीवर चढत असतानाच लाईट गेली. परत आली तेव्हा फ्लॉपी काही केल्या उघडेना. नंबर कॅसेटींवर होते, नावं कुठंच नव्हती.

त्याच आठवड्यात बोरीच्या बायनाबाई आल्या. त्यांचा नवरा आश्रुबा भीमगीतं गायचा. तो नुकताच वारला होता आणि त्याच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता. त्याची एकुलती एक कॅसेट, घरात टेप नाही म्हणून, पंडितकडंच ठेवलेली.

"पंडितभाऊ, पुण्यानुमोदनाला त्यांचा आवाज लावायचाय."

दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर फजिती नको म्हणून पंडित बोलून गेला, "अक्का, ती तर तुमीच नेली की पोरीच्या लग्नात. परत कुठं आणली?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. बाई गोंधळल्या. "आणली व्हती वाटतं... बघते घरी," म्हणत निघाल्या. पंडितला स्वतःची लाज वाटली, पण मागं धावून हाक मारायची हिंमत झाली नाही. मग रोज शटर ओढून तो एकेक कॅसेट लावून बघायचा. पण कॅसेटी शेकडो; निम्म्याही ऐकून झाल्या नाहीत आणि आश्रुबा काही सापडेना.

पुण्यानुमोदनाला तो बोरीला गेला. न जाऊन कसं चालेल? आश्रुबाच्या फोटोजवळ शेजाऱ्याकडून मागून आणलेला टेप रिकामाच मांडला होता. बुद्धवंदना झाली आणि बायनाबाई हात जोडून उभ्या राहिल्या.

"मला माफ करा. त्यांचा आवाज माझ्याच हातानं हरवला. पेटी झाडली, सगळं घर उलटंपालटं केलं, न्हाई घावला."

पंडितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला.

"अक्का, तुमी न्हाई हरवला. लेबलं मी काढली, यादी माझ्याकडनं गेली, अन् खोटंबी मीच बोललो. कॅसेट माझ्याच दुकानात हाय. कोणती, ते मला ठावं न्हाई."

मागून कोणीतरी शिवी हासडली. बरंच झालं; पंडितला त्या घडीला शिवीच हवी होती. बायनाबाई मात्र डोळे पुसत हसायला लागल्या.

"म्हंजी हायत का ते? हरवले न्हाईत?"

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या एसटीनं दुकानात येऊन बसल्या. पंडितनं कॅसेट लावली, सिनेमाचं गाणं निघालं. बाईंनी मान हलवली.

"लावा पुढची, भाऊ. मला घाई न्हाई."

पंडितनं खाली मान घालून पुढची लावली.