थूकाकांची शर्यत

थूकाका थुंकत नसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाव ऐकलं की लोक तोंड वाकडं करतात. त्यांच्या तोंडून थुंकी उडालेली मी कधी पाहिली नाही. पण 'थू!' एवढा एकच आवाज, जिभेच्या टोकावरून, कोरडाठाक, असा काही निघायचा की समोरच्यानं नकळत गालावरून हात फिरवावा. पाणचट चहा आला की थू. पळस्पे फाट्याच्या गर्दीत गाडी अडकली की थू. एखादा पुढारी ट्रकएवढ्या बॅनरवरून हात जोडून दात दाखवताना दिसला की मान वळवून, सावकाश, चवीनं थू. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर राहिलं आणि गव्हाणपासून उलव्यापर्यंतच्या खाडीकाठानं त्यांना थूकाका करून टाकलं. तोंडावर मात्र सगळे नुसतं 'काका' म्हणायचे.

उभी हयात ते पनवेलच्या कोर्टात कारकून होते. जमीन गेली, पैसा आला, गावात तीन मजली घर झालं, खाली गाळे भाड्यानं गेले. खाऊनपिऊन सुखी माणूस. पण वर्षातून एकदा, माघी पौर्णिमेच्या उधाणाला, खाडीत शिडाच्या होड्यांची शर्यत व्हायची आणि काका तिचे पंच असायचे. बाकीचं वर्ष ते त्या एका दुपारसाठी जगायचे, असं काकू म्हणायच्या आणि त्यात काही खोटं नव्हतं. होड्यांना कधीच इंजिनं बसली होती. शिडं माळ्यावरून खाली यायची ती या शर्यतीपुरतीच.

माझं पनवेलात मेडिकलचं दुकान आहे. ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आले असताना काकांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं, परत भिंतीवरचं पाहिलं. "बराबर हाय," ते जवळजवळ संशयानं म्हणाले. "अख्ख्या पनवेलात एक घड्याळ बराबर हाय. ओ मेडिकल, रविवारी खाडीवर या. टाइम तुमी धरा." मला पोहता येत नाही, होडीत बसलं की मळमळतं, हे सगळं सांगून झालं. "तुमाला पोहायला कोण सांगतो? घड्याळ बघा," म्हणाले. त्यानंतर दर वर्षी मी धक्क्यावर घड्याळ धरून उभा असायचो.

काकांचा पहिला नियम भरतीचा. आमची खाडी म्हणजे भरतीला पाणी आणि ओहोटीला गुडघाभर काळा चिखल, वर सगळ्या शहराची गटारं आणि प्लास्टिक. शिसारी येते. पाणी टम्म भरलेलं असतं तेवढ्या वेळात शर्यत झाली तर झाली, नाहीतर होड्या चिखलात बसल्याच म्हणून समजा. एका वर्षी प्रमुख पाहुणे यायचे होते. साहेब निघाले, साहेब वाटेत आहेत, साहेब जेवताहेत, असे फोनवर फोन. काका मला म्हणाले, "टाइम?" मी सांगितला. त्यांनी निशाण चढवलं. आयोजक मंडळी अंगावर धावून आली. काका शांतपणे म्हणाले, "कोर्टात तारीख पडते. भरतीला तारीख पडत नाय." पाहुणे आले तेव्हा पाणी उतरत होतं. फोटोसाठी एका होडीत पाय ठेवायला गेले आणि पांढऱ्या बुटासकट पोटरीपर्यंत आत गेले. चार जणांनी ओढून काढलं, बूट आतच राहिला.

सुरुवातीची रीत ठरलेली. धक्क्यावरचा खांब आणि समोर नांगरलेलं निळं पिंप, या दोघांमधली सरळ रेघ म्हणजे सुरुवात. पिवळं निशाण चढलं की पाच मिनिटं. मी मिनिटं मोजायची, काकांनी खांबाला गाल लावून रेघेवर डोळा धरायचा. निशाण खाली, भोंगा, आणि सुटायचं. भोंग्याआधी ज्या होडीचं नाक रेघेपलीकडे गेलं, तिला काका कर्ण्यावरून नावानं हाक मारायचे. हाक आली की त्या होडीनं उलट वळायचं, रेघेमागे यायचं आणि नव्यानं सुटायचं. "आधी वळायचं, मग भांडायचं," हे काकांचं वाक्य पोरासोरांनाही पाठ होतं. कोर्टात सगळं उलटं चालतं, हे ते पुढे जोडायचे आणि अर्थात थू करायचे.

वळणाच्या पिंपाला होडी घासली तर सुकाण धरणाऱ्या तांडेलानं आपणहून एक फेरा घ्यायचा, म्हणजे जागच्या जागी होडी गोल फिरवून मग पुढे निघायचं. तिथे खाडीच्या मध्यावर बघायला कोण असतं? कुणी नाही. तरी घ्यायचे. पहिल्या वर्षी मी वेड्यासारखं विचारलं होतं, "काका, एखाद्यानं फेरा घेतलाच नाही तर?" काका माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी विचारलं, एखाद्यानं देवळात चप्पल घातली तर? "तर तो कशाला आला खाडीत?" एवढंच म्हणाले.

मग शेठ आले. शेठ म्हणजे बाहेरचा कुणी नव्हे, तिथलाच पोरगा. उलव्यात इमारती बांधून शेठ झाला. त्याला एकाएकी परंपरेचा पुळका आला. स्टेज, डीजे, मंडप, बिर्याणीचे डबे, माणसाच्या उंचीचा चषक, वर उडणारा कॅमेरा आणि प्रत्येक होडीला नवंकोरं शीड फुकट. सगळी शिडं एकसारखी, पांढरी. त्यावर त्याच्या नव्या टॉवरचं चित्र, खाली बुकिंगचा फोन नंबर हातभर मोठा. होडीचा नंबर कोपऱ्यात, बिस्किटाएवढा. मला तर पाहूनच मळमळलं, आणि मी काही होडीत बसलो नव्हतो. बापजाद्यांच्या शिडांना पिवळी, तांबडी, गोधडीची ठिगळं असायची, लांबून होडी ओळखू यायची. आता अख्खी खाडी म्हणजे जाहिरातीचा कागद झाली होती.

काकांचा नियम होता, नंबर दिसत नाही तर होडी सुटणार नाही. त्या वर्षी ते बोलले नाहीत. तांडेल खूश होते, नवं कापड हाताळून बघत होते. त्यात काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी कधीपासून मागे लागलो होतो, ऑपरेशन करून घ्या. "शर्यत झाली की," हे उत्तर.

त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष होतं ते धर्माच्या होडीवर. धर्मा तांडेल पन्नाशीचा, अबोल, बापाच्या जुन्या होडीतून यायचा आणि दर वर्षी दुसरा यायचा. होडीच्या फळ्या कुजल्या होत्या. येत्या पावसाळ्यानंतर ती पाण्यात उतरणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि गावालाही. पहिलं यायचं तर हीच वेळ. त्याच्या शेजारच्या होडीवर शेठचा भाचा होता, गॉगल लावून.

निशाण खाली आलं, भोंगा वाजला आणि काका कर्ण्यातून ओरडले, "धर्मा! मागं!" धर्मानं मान वर केली. क्षणभर त्याचा खलाशी हातवारे करून काहीतरी ओरडला. पण धर्मानं सुकाण फिरवलं, उलटा आला, रेघेमागे गेला आणि पुन्हा सुटला. तोवर बाकीच्या होड्या पहिल्या पिंपाजवळ पोचल्या होत्या. धर्मा शेवटून दुसरा आला. भाचा पहिला. डीजेनं असा काही दणका दिला की खाडीतले बगळे उठून उडाले. भाच्यानं स्टेजवर चषक डोक्यावर धरला, शेठनं पेढा भरवला आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे बघून तेच बॅनरवरचं हसू हसून दाखवलं.

दोन दिवसांनी काका दुकानात आले ते गोळ्यांसाठी नव्हे. शेठनं स्वतःच त्या उडत्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ गावभर पाठवला होता. काकांनी माझा मोबाइल नाकाला लावून तो पाहिला. पुन्हा पाहिला. वरून रेघ स्वच्छ दिसत होती. भोंग्याच्या वेळी भाच्याची होडी अर्धीअधिक पलीकडे. धर्माची होडी रेघेमागे, जिथे असायला हवी तिथेच.

काका तडक धर्माकडे गेले, मी दुकान नोकराच्या ताब्यात देऊन त्यांच्या मागे. धर्मा अंगणात जाळं शिवत होता.

"भोंग्याच्या टायमाला तू पुढं होतास?"

"नाय."

"मंग बोल्ला का नायस?"

धर्मानं सुई थांबवली. "हाक आली ना, काका," तो म्हणाला.

परत येताना काका पुढे पुढे चालत होते. मी मात्र चडफडत होतो. भाच्याला तर ठाऊक होतं! स्वतःच्या होडीचं नाक कुठे आहे हे गॉगलमधूनही दिसतं. शेजारचा आपल्या पापानं मागे फिरतोय हे बघून हा बाबा पुढे गेला, चषक घेतला, पेढा खाल्ला. कुठे फेडणार आहेत हे?

दुसऱ्या दिवशी आम्ही शेठच्या उलव्यातल्या ऑफिसात गेलो. एसी, काचेचं टेबल, भाचा सोफ्यावर मोबाइलमध्ये तोंड खुपसून. काका उभ्यानंच म्हणाले, "चूक माझी झाली. चुकीच्या होडीला हाक मारली. शर्यत परत घ्यायला लागंल." शेठ हसला. "काका, झालं ते झालं. फोटो छापून आले, बक्षिसं गेली. कशाला उकरून काढताय? चहा घ्या." काका म्हणाले, चहा नको, शर्यत. तेव्हा शेठचं हसू जरा पातळ झालं. "तुम्हीच म्हणताय चुकलो, मग पुढच्या वर्षीपासून आराम करा. आपण नवीन पंच आणू, मुंबईचा." भाच्यानं मान वर केली नाही. एका माणसानं सरळ येऊन आपली चूक कबूल केली, तर तीच चूक उचलून त्याला घरी बसवला! असली हलकट माणसं मी औषधाच्या धंद्यातही पाहिली नाहीत, आणि त्या धंद्यात मी बरंच पाहिलंय.

मी वाट बघत होतो त्या थूची. आलीच नाही. रस्त्यावर आल्यावर न राहवून म्हणालो, "काका, निदान त्याच्या तोंडावर एकदा..." काका म्हणाले, "तो हाय तसाच हाय, त्याच्यावर थू फुकट. निशाण कोणाच्या हातात होतं?" आणि तिथेच, सिमेंटच्या ट्रकांच्या धुरळ्यात, त्यांनी खाली मान घालून आपल्याच छातीकडे बघत ती केली. मला फार वाईट वाटलं. वाटलं, यांना हाताला धरून घरी न्यावं.

घरी कुठले जातात. संध्याकाळभर ते एकेका तांडेलाच्या दारात उभे राहिले. सगळीकडे तेच बोलले, "चूक माझी, फेरा माझा हाय. अमावास्येच्या उधाणाला शर्यत परत. बक्षीस नाय, जेवण नाय, मंडप नाय. येनार का?" बायका कुजबुजल्या, अमावास्येला कसली शर्यत. तांडेल एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, येतो. सगळ्यात शेवटी धर्मा. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, पुढल्या वर्षी बघू." काकांनी अंगणात उपड्या पडलेल्या होडीकडे बोट केलं. "पुढल्या वर्षी ही हाय का?"

अमावास्येची ती शर्यत त्या खाडीतली शेवटची. पावसाळ्यात काका गेले, झोपेत, ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. धक्क्यावर आता भराव पडलाय आणि समोर शेठचाच टॉवर उभा राहतोय. तिथून जाताना मी गाडीची काच वर करतो.

पण त्या अमावास्येला धक्का होता आणि पाणी टम्म भरलं होतं. स्टेज नाही, डीजे नाही, कुत्रं फिरकलं नव्हतं. भाच्याची होडी आली नाही, बाकीच्या झाडून सगळ्या आल्या. शेठच्या कापडानं कुणी कोंबड्यांचं खुराडं झाकलं होतं, कुणी मोटारसायकल. डोलकाठ्यांवर पुन्हा तीच ठिगळांची शिडं चढली होती. काकांनी निशाण आणि भोंगा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, अहो, मला काय कळतं? "ज्याला दिसत नाय त्यानं निशाण धरायचं नाय," ते म्हणाले आणि माझ्या मागे स्टुलावर बसले. मी खांबाला गाल लावला. निशाण खाली घेतलं, भोंगा वाजवला, आणि एकही होडी रेघेपलीकडे नव्हती.

"कोन पुढं?" काका विचारायचे. मी सांगायचो. पहिल्या पिंपाला धर्मा पुढे होता. मी स्टुलाभोवती नाचायचाच बाकी होतो. परतीला वारा वाढला, कुजकी होडी पाणी घ्यायला लागली, खलाशी डबड्यानं पाणी उपसतोय हे मला दिसत होतं. एक होडी पुढे गेली. मग आणखी एक. काका विचारत राहिले आणि मी दुसऱ्यांची नावं सांगत राहिलो. धर्मा तिसरा आला.

मला देवाचा राग आला, खरंच सांगतो. एवढा खटाटोप, एवढा अपमान, आणि शेवटी हे? धर्मा कमरेपर्यंत भिजलेला धक्क्याच्या पायऱ्या चढून वर आला. स्टुलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हरलो, काका."

काकांनी हातानं चाचपून त्याचा ओला दंड धरला.

"हां," ते म्हणाले. "आज हरलास. त्या दिवशी नव्हतास हरला."