नातं सांगून फोन करावा

हुबळीच्या विद्यानगरातल्या त्या वसतिगृहात डॉक्टर व्हायला आलेली पोरं राहत, आणि त्यांना आधी माणूस करायचं काम बाळाचार्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. ट्रस्टनं त्यांना नेमलं होतं नुसतं वॉर्डन म्हणून. धारवाडच्या कोर्टात शिरस्तेदारी करण्यात जन्म गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर राहायला दोन खोल्या आणि हुकूम सोडायला चाळीस पोरं मिळाली. याहून मोठं पेन्शन कुठलं?

त्यांच्या नियमांचं एक होतं. ते हवेतून पडत नसत. प्रत्येक नियमाला बाप असे. पहिल्या वर्षाची पोरं अभ्यासाला हाडं आणतात, माणसाची, खरीखुरी. एकानं कवटी धुऊन खिडकीत वाळत ठेवली. दूध घालणाऱ्या दुर्गव्वानं ती पाहिली आणि चरवी तिथंच टाकून जी पळाली ती पुढं कित्येक दिवस फिरकली नाही. पोरांनी कोरा चहा प्याला आणि फळ्यावर नोटीस वाचली: 'मयताचे कोणतेही अवयव रस्त्याकडे तोंड करून ठेवू नयेत.' दुसऱ्या एकानं सुई टोचायचा सराव मेसच्या फळांवर केला. नोटीस लागली: 'भोजनगृहातील केळ्यांना इंजेक्शन देऊ नये.' ती वाचून, ज्यांना ही कल्पना कधी सुचली नसती त्यांनाही सुचली.

आगीपासून सुरक्षा म्हणून ट्रस्टचे सेक्रेटरी शेषगिरी वकील यांनी वाळूनं भरलेल्या लाल बादल्या पाठवल्या. पोरं त्यांत सिगारेटी विझवायला लागली. बाळाचार्यांनी बादल्या कोठीत ठेवून कुलूप घातलं आणि लिहिलं, 'आग लागल्यास वाळूसाठी वॉर्डनकडे लेखी अर्ज करावा.' पुढं एकदा मेसमधला पडदा पेटला, तेव्हा स्वयंपाकी कृष्णानं अर्ज न करता आमटीचं पातेलं त्यावर ओतलं. आग विझली, आणि आमटी वाया घालवल्याबद्दल कृष्णाला समज मिळाली.

पण बाळाचार्यांचा खरा जीव टेलिफोनात होता. काळं यंत्र ऑफिसच्या टेबलावर, ऑफिसचं एक दार व्हरांड्यात आणि दुसरं बाळाचार्यांच्या घरात. बाहेरून फोन आला की तेच उचलत. निपाणीहून, मिरजेहून एखादा बाप ट्रंक कॉल लावी. त्याची तीन मिनिटं बाळाचार्यांच्या हातात असत.

"कोण बोलतंय?"

"मी नारायणचा वडील."

"कशावरून?"

आता बाप आहे हे फोनवर कसं सिद्ध करणार? बिचारा मुलाचं जन्मनक्षत्र सांगायला लागे, तोवर तीन मिनिटं संपत.

बाहेर जाणाऱ्या फोनच्या नियमालाही बाप होता. तो स्वतः बाळाचार्यच होते.

त्याचं असं झालं. पोरांना सूचना ऐकवायला वसतिगृहावर एक कर्णा बसवला होता. तो सारखा बिघडे. कोप्पीकर रोडवर रेडिओदुरुस्तीचं दुकान आणि मागंच घर असलेला पद्मनाभ येऊन तो नीट करी. त्याला बोलवायला फोन करावा लागे, आणि डायलवरचे आकडे बाळाचार्यांना चष्म्यातूनही धड दिसत नसत. ते मुलीला हाक मारत, "हेमा, नंबर फिरव." हेमावतीनं बापाच्या हुकमानं वर्षभर नंबर फिरवला. पुढं कर्णा ठणठणीत असतानाही ती फिरवू लागली, हे साऱ्या वसतिगृहाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त नियम करणाऱ्याला.

पद्मनाभची जात वेगळी, घरी कन्नड. एके दिवशी दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि संध्याकाळी फोन वाजला.

"कोण?"

"अप्पा, मी पद्मनाभ. तुमचा जावई."

"कशावरून?" बाळाचार्यांनी विचारलं आणि रिसीव्हर आदळला. बायकोला, वेणूबाईंना, म्हणाले, "आजपासून आपल्याला मुलगी नाही." मग ते बाजारात गेले आणि डायलच्या भोकात अडकवायचं चिमुकलं कुलूप घेऊन आले. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. किल्ली त्यांनी जानव्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: 'नातं सांगून फोन करावा. या नियमास कोणासही सूट नाही.' फोन करणाऱ्यानं टेबलापाशी उभं राहायचं आणि कुणाला करतोय, त्याचं आपलं नातं काय, ते शिपाई परसूला सांगायचं. परसू व्हरांडा दणाणेल अशा आवाजात ते आतल्या खोलीकडं पुकारी, "सर, नारायण. मामा." मग बाळाचार्य येऊन कुलूप काढत. तीन मिनिटं झाली की परसू घंटा वाजवी. त्या वर्षी हुबळीत पोरांचे इतके मामा आणि मावश्या निघाल्या की विचारू नका. सिनेमाच्या थेटरात एक मामा होता, सायकलवाल्याकडं दुसरा.

एक मात्र मानलं पाहिजे. माणूस लबाड नव्हता. शेषगिरी वकिलांना फोन करायचा झाला तरी ते परसूसमोर उभे राहून सांगत, "शेषगिरी वकील. नातं नाही, मालक." परसू ते रिकाम्या खोलीकडं पुकारी, आणि मग ते स्वतःच स्वतःला कुलूप काढून देत.

दोन वर्षं अशी गेली. मग बिल वाढायला लागलं.

"बाळाचार्य, किल्ली तुमच्या जानव्याला, आणि फोन गावभर?" शेषगिरी वकिलांनी विचारलं. हे मनाला लागलं. बाळाचार्य दुपारी जेवण आटोपल्यावर ऑफिसच्या कपाटामागं दबा धरून बसले. थोड्या वेळानं नारायण आला. निपाणीचा, तिसऱ्या वर्षाचा, अभ्यासात बरा. त्यानं रिसीव्हर कानाला लावला आणि रिसीव्हर ठेवायची जागा, ती खाली दबणारी बटणं, बोटानं ठोकायला सुरुवात केली. टक टक टक. थांबला. टक टक.

"काय करायलास?" बाळाचार्य बाहेर आले.

"परकशन, सर," नारायण शांतपणे म्हणाला. "छातीत पाणी झालंय का बघायला बोटानं ठोकतात की, तसंच. तिनाला तीन टिचक्या, शून्याला दहा, मधे जरा थांबायचं. डायलला हात लावत नाही सर आम्ही. तसा नियमच आहे."

बाळाचार्यांना राग यायला हवा होता. पण नव्या नियमाला बाप मिळाल्याचा आनंद त्याहून मोठा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आतल्या खोलीत मसुदा करत बसले. 'टेलिफोनच्या कोणत्याही अवयवावर टिचकी, ठोसा अथवा' इथवर लिहून झालं, आणि ऑफिसातून आवाज आला. टक टक टक.

ते चवड्यांवर दारापाशी गेले. टेबलापाशी वेणूबाई उभ्या होत्या. पदर खोचून, एखाद्या मुरलेल्या डॉक्टरच्या सफाईनं टिचक्या मारत होत्या.

"हेमा? पाय सुजलेत का ग अजून?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मीठ कमी खा... दवाखान्यात कधी यायला सांगितलंय? एवढ्यातच?... अप्पा? अप्पा नियम लिहायलेत आत... रडू नकोस. तो माणूस दगड नाही ग. दगडाला एवढं लिहिता येत नाही."

बाळाचार्य आले तसे परत गेले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. समज द्यायची कुणाला? आधी त्यांना संताप आला, की मुलीचे दिवस भरत आले आणि मला कुणी सांगितलं नाही. मग आठवलं, कुणी सांगू नये अशी व्यवस्था आपणच केली आहे, आणि ती चोख चालली आहे. त्यांना वाईट वाटलं. कुठल्याही कलमात बसवता न येणारं, साधं वाईट. मसुदा तसाच राहिला.

पोरं रोज फळा बघून जात. टिचक्यांविरुद्ध नोटीस लागेना. सरांची तब्येत बरी नसावी, असं नारायणचं निदान पडलं.

पुढल्या आठवड्यात एका सकाळी वेणूबाई म्हणाल्या, "दाजीबानपेठेत जाऊन येते. कापड आणायचंय." हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता. कापड आणायला जाताना कुणी डिंकाचे लाडू नेत नाही, एवढं बाळाचार्यांना कळत होतं. "जा," ते म्हणाले आणि मूग गिळून बसले.

दुपार झाली तरी वेणूबाई आल्या नाहीत. बाळाचार्य ऑफिसात येरझारा घालत होते. सुजलेले पाय त्यांच्या डोक्यातून जाईनात. डॉक्टरकीच्या पोरांत राहून गरोदरपणात सुजलेल्या पायांचा धोका त्यांच्याही कानावर पडला होता. शेवटी त्यांनी जानव्याची किल्ली हातात घेतली. परसू तत्काळ उभा राहिला.

"कुणाला सर? नातं?"

"काही नाही. कुलूप तपासतोय." त्यांनी किल्ली सोडून दिली. "तू जा, मेसमध्ये पानं किती ते बघून ये."

परसू गेल्यावर त्यांनी रिसीव्हर उचलला आणि टिचक्या मारल्या. दुकानाचा नंबर तोंडपाठ होता; इतक्या वेळा हेमाला सांगितलेला. पहिल्यांदा एक कापडवाला लागला, दुसऱ्यांदा पिठाची गिरणी. तोवर जेवणाची वेळ होऊन व्हरांड्यात पोरांची ताटं घेऊन रांग लागली होती. रांगेतून नारायण आत आला.

"सर, शून्याला तुम्ही नऊच मारल्या," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण तुमच्याकडं किल्ली आहे की."

"किल्लीनं केला तर नातं सांगावं लागतं," बाळाचार्य खालच्या आवाजात म्हणाले.

कुणाचा नंबर आहे ते नारायणला न सांगताच कळलं. त्यानं ताट टेबलावर ठेवलं, सर आकडे सांगत गेले तशा टिचक्या मारल्या आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"यारु? कोण?" पलीकडून पद्मनाभचा आवाज आला. लाइनीत खरखर होती.

"मी."

"मी कोण? ऐकू येईना. कोण बोलायलंय?"

"मी बोलतोय, मी."

"अहो, नाव सांगा की. कोण तुम्ही?"

व्हरांड्यातली चाळीस ताटं गप्प झाली होती. बाळाचार्यांनी डोळे मिटले आणि कोर्टात पुकारा व्हायचा तशा आवाजात सांगितलं, "हेमावतीचा बाप बोलतोय."

मेसकडून परत आलेला परसू दारात उभा होता. सवयीप्रमाणे तोंड वर करून त्यानं आतल्या खोलीकडं पुकारलं, "सर, हेमावती. मुलगी."

पलीकडं क्षणभर नुसती खरखर राहिली. 'कशावरून?' येणार म्हणून बाळाचार्य वाट बघत होते. पण पद्मनाभनं ते विचारलं नाही.

"अप्पा, मुलगी झाली," तो म्हणाला. "मी आत्ताच दवाखान्यातून आलो. दोघी चांगल्या आहेत. आई तिथंच आहेत. हेमा शुद्धीवर आल्याआल्या विचारत होती, अप्पांना कुणी सांगितलं का म्हणून."

बाळाचार्य नुसते हुं हुं करत राहिले. तीन मिनिटं झाली तेव्हा परसूनं घंटा उचलली, आणि स्वयंपाकी कृष्णानं ती त्याच्या हातून काढून घेतली.

दहा-बारा दिवसांनी हेमावती बाळाला घेऊन बापाच्या दोन खोल्यांत आली. आता नियम सुटले, असं पोरांना वाटलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. फळ्यावर नवी नोटीस दिसली: 'वॉर्डनच्या मुलीचे बाळ झोपत असल्याने दुपारी दोन ते चार व्हरांड्यात आवाज करू नये.' संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'कशावरून?'

पूर्वी असं झालं असतं तर चाळीस जणांच्या अक्षरांचे नमुने घेतले गेले असते. बाळाचार्य फळ्यासमोर आले. मग लाल शाईचं पेन काढून त्यांनी खाली उत्तर लिहिलं, 'उद्या दुपारी येऊन पाहावे.'

दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस जण दोनच्या ठोक्याला दारात हजर झाले. बाळाचार्यांनी त्यांना चपला काढून, हात धुऊन, एकेकानं आत यायला सांगितलं. हा नियम त्यांनी तोंडीच सांगितला. लिहायला हात मोकळे नव्हते.