लेफ्ट आउट

आमच्या कचेरीच्या जीपचा ड्रायव्हर पाथर्डीकडचा. चालतानाही तो डावी बाजू सोडत नसे आणि व्हरांड्यात वळण्याआधी हात बाहेर काढी. कोणी हसले तर म्हणे, "हितं सवय मोडली, तर गाडीत महागात पडंल, आसं बगा."

दुष्काळाच्या आदल्या वर्षी नगरला कचेऱ्यांचे फुटबॉल सामने ठरले. हा रोज संध्याकाळी सरावाला जाई. एकदा तरी सामन्यात उतरायला मिळावे, एवढीच त्याची इच्छा होती. शनिवारी कॅप्टनचा निरोप आला, "ड्रायव्हर लेफ्ट आउट." हेडक्लार्कांनी त्याला अर्थ सांगितला, "म्हणजे तुला वगळलं." इंग्रजी म्हणून मलाही ते बरोबर वाटले. तो फक्त "बरं" म्हणाला.

रविवारी मैदानावर तो सर्वांच्या आधी हजर होता. खेळणाऱ्यांसाठी त्याने घरून पाण्याची कळशी आणि लिंबे आणली होती. वगळलेला माणूस इतक्या मनापासून फोडी करताना मी दुसरा पाहिला नाही.

कॅप्टन येऊन त्याला म्हणाला, "अरे, इथं काय बसलास? लेफ्ट आउट म्हणजे डाव्या कडेनं पुढं खेळणारा. तुलाच खेळायचंय."

ड्रायव्हरने हेडक्लार्कांकडे पाहिले. आता तो चार शब्द सुनावणार, असे मला वाटले. त्याने चपला काढल्या, पायजमा वर खोचला आणि सुरी त्यांच्या हातात दिली.

"मंग लिंबं तुमी कापा, सायेब," तो म्हणाला. "बिया काडून, आसं बगा."