मायच्या हातावरचे मुक्काम

सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर विचारलं होतं, त्रास किती दिवसांपासून? मी लिहिलं, दोन महिने. ते खोटं होतं. का लिहिलं, हे सांगणं मला अजूनही जड जातं.

मायच्या हातांवर, मांड्यांवर तांबड्या गाठी उठायच्या, फुटायच्या, काळी खपली धरायच्या. रांगेत आमच्या पुढच्या बाईला डॉक्टरांकडून सगळ्यांदेखत बोलणी बसली होती, "इतकी वर्षं काय झोपला होतात?" तेवढ्यात माय माझ्या कानाशी म्हणाली, "लई वर्षं झाली म्हणावं. येतंय आन् जातंय."

"तू गप बस, मी बघतो," मी म्हणालो. मी बी.एस्सी.ला होतो. मेंढरांमागं फिरणाऱ्या आमच्या घरात हातात पेन धरणारा मी पहिलाच.

गाठीचा तुकडा काढून तपासला गेला. आठवड्यानं त्वचा विभागाच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी मला एकट्याला आत बोलावलं. पेशी मोठ्या होत्या, त्यांची केंद्रकं वेडीवाकडी. लिम्फोमासारखं, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरसारखं दिसत होतं. "दोन महिन्यांत एवढं पसरलंय, तर थांबता येणार नाही. सोमवारी शिरेतून औषध सुरू करू. केस जातील, उलट्या होतील. अंगात ताकद कमी आहे त्यांच्या, तेव्हा जपावं लागेल."

मायला मी उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर आणलं आणि काहीच सांगितलं नाही. रविवारी दुपारी ती भाकरी थापत होती. बाही वर सरकली होती. कोपराजवळची सगळ्यात मोठी गाठ वाळून सपाट झाली होती.

"ही कशी बसली?"

"बसतीच की. महिना-दीड महिन्यात जिरतंय." पिठाच्या बोटानं तिनं एकेक डाग दाखवला. "ही फुलंब्रीच्या अंगाला मेंढरं बसवली तवाची. ही वाळूजची. तिथं माळ होता, आता कंपनीचं कुंपण झालंय बघ. आन् ही तू चौथीत होतास तवाची."

शेतकरी खतासाठी आमची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे. मायला तारखा ठाऊक नव्हत्या, मुक्काम ठाऊक होते. कॅन्सर आपणहून बसतो का? आणि मी हे औषध थांबवलं, अन् तो कॅन्सरच निघाला तर?

सोमवारी विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद होतं. रिक्षा नाही, दुकानांची शटरं खाली. आम्ही चालत निघालो. चौकात पोलिसानं काठी आडवी धरली.

"कुठं रे? मोर्चाला?"

"दवाखान्यात, साहेब."

तो माझ्या पुस्तकांच्या पिशवीकडं बघत राहिला. मायनं बाही वर केली. "बघ की बाबा. मोर्चाला अशी येती व्हय?" तो दोन पावलं मागं सरला आणि काठी खाली घेतली.

वॉर्डात सलाईनची बाटली टांगलेली होती. सिस्टर मायच्या हाताची शीर शोधत होत्या. मी पलंगाशी उभ्या मॅडमकडं वळलो. "थांबा. मॅडम, मी खोटं लिहिलंय."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि मायलाच विचारायला सुरुवात केली. मायनं सगळे मुक्काम सांगितले. मॅडमनी एकेक डाग बोट फिरवून पाहिला.

"असा एक आजार आहे," शेवटी त्या मला म्हणाल्या. "सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर कॅन्सर दिसतो, अंगावर तसा वागत नाही. गाठी येतात, आपणहून जातात, वर्षानुवर्षं. फरक पेशंटच सांगू शकतो. परदेशात आता जनुकं तपासून बघतात, या सगळ्या पेशी एकाच पेशीपासून वाढल्यात का. आपल्याकडं ती सोय नाही. आणि तशा वाढल्या असल्या तरी तो कॅन्सरच, असंही नाही."

"काय म्हणत्यात बाई?"

"या पेशी एकाच पेशीच्या वंशातल्या असतील म्हणतात."

"मंग? एका मेंढ्याची पिलं समदीच मारकी निघत्यात व्हय?"

मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. काही जणांना पुढं खरा लिम्फोमा होतो, म्हणाल्या. दर तीन महिन्यांनी यायचं, चुकवायचं नाही. सिस्टरनी सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

मग मॅडमनी ‘दोन महिने’ खोडलं आणि पेन माझ्याकडं दिलं. माय सांगू लागली, मी लिहू लागलो. मनगटावरच्या एका बारक्या डागाशी मी थांबलो. "हा राहू दे, दिसतही नाही."

"का राहू दे? लिव्ह," माय म्हणाली. "समदं लिव्ह."