क्लॅरीचे उलटे ब्रेक

आमच्या डोंगरातल्या टिन क्रीक गावात सायकलीला कुलूप घालणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. मागं एका पाहुण्यानं घातलं होतं. गड्यांनी ती सायकल कुलपासकट उचलली आणि पबच्या पत्र्यावर नेऊन ठेवली. पाहुणा शिडी मागत गावभर हिंडला. शिडी कुणाकडंच निघाली नाही.

आमच्यात रीतच आहे तशी. पबच्या ओसरीला सगळ्यांच्या डोंगरी सायकली टेकलेल्या असतात. बाहेर पडायचं, हाताला लागेल ती घ्यायची, घर गाठायचं आणि सवडीनं परत आणून ठेवायची. हे सगळं चालतं ते एका गोष्टीवर. गावातल्या झाडून साऱ्या सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला आणि मागचा डाव्या. मोटरसायकलीचा पुढचा उजवीकडं, म्हणून हिचाही. परदेशातून खोक्यात येणारी सायकल बहुतेक उलटीच असते. ती आली की आधी ब्रेकच्या तारा अदलाबदल करायच्या, मग तिच्यावर बूड ठेवायचं.

क्लॅरी बेसेलला ही उसनवारी जन्मात पटली नाही. त्यानं उभी हयात ओंडक्यांचा ट्रक हाकला, पण त्या ट्रकच्या स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. बायकोचाही नाही. ती एकदा बहिणीकडं मेलबर्नला गेली ती तिकडचीच झाली. "ट्रक चालवाय दिला असता तर ट्रक घिऊन गेली असती," असं क्लॅरी म्हणायचा, आणि त्यात त्याला आपलीच हुशारी दिसायची. पुढं गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरनं सायकल चालवायला सांगितलं. क्लॅरीनं लालभडक नवी सायकल आणली. तान्ह्या पोराचं ढुंगण पुसावं तशी रोज हलक्या हातानं पुसायचा.

आणि नेमकी तीच डडली फेनरच्या डोळ्यांत भरली. डडली त्याचा शेजारी. बुटका, गोल, आणि कशाचंही वाईट न वाटणारा. तो सीट खाली करून सायकल न्यायचा आणि चाकाला वॉलबीच्या, म्हणजे छोट्या कांगारूच्या, लेंड्या चिकटवून परत आणायचा.

"डडल्या, माझी सायकल हाय का सरकारी संडास? कवाबी येतूस आन् बसतूस!"

"चिडतूस काय मर्दा? हाताला लागली, घेतली."

"दर खेपंला माझीच कशी लागती रं?"

"लाल रंग लांबनं दिसतोय. वय झालं, मला आता बारीकसारीक दिसत न्हाई."

क्लॅरीला एकच पाहिजे होतं. पबमधून बाहेर यावं आणि आपली सायकल ठेवली तिथं उभी दिसावी. कुलूप लावलं तर ती पत्र्यावर जाणार. म्हणून त्यानं शेडचं दार लावून घेतलं आणि तारा पुन्हा उलट्या जोडल्या. पुढचा ब्रेक डाव्या हाताला. इथला माणूस उतारावर वळण आलं की डावा हात गच्च दाबतो, मागचं चाक फरफटवतो आणि वळतो. डडलीनं तसा दाबला की पुढचं चाक जागच्या जागी थांबेल आणि डडली म्होरं जाईल. पबसमोरच्या उताराला वळणावर मऊ गवत आहे. मरायचा नाही, पण शहाणा होईल.

पहिला शहाणा क्लॅरीच झाला. तारा जोडून झाल्यावर खुशीत एक फेरी मारायला निघाला, घराजवळच्या वळणावर सवयीनं डावा हात दाबला आणि हँडलवरून उडून काटेरी ब्लॅकबेरीच्या जाळीत तोंडावर पडला.

"थोबाडाला काय झालं रं?" पबात डडलीनं विचारलं.

"मेंढीनं ढुशी दिली."

"उडणारी व्हती काय?"

क्लॅरीनं दात खाल्ले आणि शुक्रवारी सायकल ओसरीत अगदी दाराशी लावली. आत खिडकीजवळची खुर्ची धरली. डडली उठतोय कधी याची वाट बघत ग्लास धरून बसला. डडली उठेना. उलट त्यानं आणखी एक बिअर मागवली.

तेवढ्यात बेकरीवाली ओडेट बाहेर पडली. ही मूळची कॅनडाची, इथल्याशी लग्न करून आली आणि त्याला पुरून इथंच राहिली. गावात तिची ख्याती अशी, की बाई उतारावर सायकल हातात धरून चालत जाते. तिच्या टोपलीवाल्या सायकलीचं चाक पंक्चर होऊन बसलं होतं. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि लाल सायकल ओढली.

क्लॅरीनं ग्लास टेबलावर आदळला. डडली पडला तर मजा होती. ही साठी उलटलेली बाई. ओरडावं तर सगळं बिंग फुटणार. खुर्ची पाडत तो ओसरीत धावला.

"ओडेट! थांब! ब्रेक उलटं हायती!"

हाक ऐकली तशी ती खाली उतरायचं सोडून सायकलवरूनच उताराला लागली. मागं सगळा पब ओसरीत गोळा झाला.

"उलटं?" डडली म्हणाला. "आन् ही खातिरदारी कुणासाठी केल्याली?"

"तुझ्यासाठीच, भाड्या! सरक!"

दुखऱ्या गुडघ्यांनी क्लॅरी उतारावरून पळाला. वळणाच्या गवतात ओडेट नव्हती. ती पार खाली, पुलाजवळ उभी होती. अंगावर ओरखडा नाही, गाल लालेलाल.

"पडली न्हाईस?"

"पडू कशाला? तू उलटं म्हणालास तवाच तर न उतरता सुटली. आमच्या कॅनडात अशीच असती सायकल. इथं आल्या आल्या मी सवयीनं उजवा हात दाबला आन् दोन दात पाडून घेतलं. तवापासनं उतार आला की खाली उतरती."

"मग तुझ्या सायकलीचं ब्रेक बदलून का घेतलं न्हाईस?"

"नवरा म्हणायचा, गावात सगळ्यांचं एकच, दुसऱ्या कुणी नेली तर मरंल. तू मातूर कुणी मरायचा इचार केला न्हाईस, म्हाताऱ्या. देव तुझं भलं करो!"

"बरं, आता दे."

"आणीन की. सवड मिळाली म्हंजे."

रीतच ती. क्लॅरी चढावरून पायीच परत निघाला.

ओडेटला अजून सवड मिळालेली नाही. लाल सायकल रोज पहाटेचे पाव घेऊन उतारावरून सुसाट जाते आणि पबच्या ओसरीत बिनघोर उभी राहते; डडलीसुद्धा तिच्याकडं बघून दोन पावलं लांबून जातो. क्लॅरीनं ओडेटच्या सायकलीचं पंक्चर काढलं आणि आता तीच चालवतो. टोपली आहे, टोपलीवर फुलं रंगवलेली आहेत. पबमधून बाहेर आला की ती ठेवली तिथं उभी असते. असली सायकल या गावात दुसरा कुणी गडी नेणार नाही.

"बघ," डडली म्हणतो, "मिळाली का न्हाई हक्काची?"

क्लॅरी टोपलीत टोपी टाकतो, त्याला एक ठेवणीतली शिवी हासडतो आणि घराकडं निघतो.