बुजवलेले खड्डे

माझे सासरे सरकारी नोकरीत रस्ते बांधणारे इंजिनिअर होते. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी सायकल घेतली तेव्हा ती व्यायामासाठी असेल यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्यांनी केलेले रस्ते तपासायला निघालेत, असं सासूबाई म्हणाल्या, आणि ते खरंच निघालं. मी त्यांच्याबरोबर जायला लागले त्याचं कारणही काही फार उदात्त नव्हतं. मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. रविवारी सकाळी पाच ते अकरा मला कुणी काही विचारू नये, एवढीच माझी इच्छा होती. सासऱ्यांच्या मागे सायकलवर राहिलं की ती पुरी व्हायची. अकरा वर्षं आम्ही असेच जात होतो, ते पुढे आणि मी मागे.

वाट ठरलेली. कोथरूडहून निघायचं, कात्रजचा जुना घाट चढायचा, बोगद्यातून पलीकडे उतरायचं, कापूरहोळला महामार्ग सोडायचा, पुरंदरच्या पायथ्याने नारायणपूरवरून सासवड गाठायचं आणि बोपदेव घाट उतरून जेवायच्या आत घरी. एकदा मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, फोनवर एक व्हिडिओ दाखवला होता. परदेशातले चुनखडीचे पांढरे डोंगर, त्यांतून जाणारा गुळगुळीत रस्ता, रंगीत कपड्यांतले सायकलवाले. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"रस्ता लोण्यासारखा आहे. मग चालवणाऱ्याचं कौतुक कशाला?" ते म्हणाले.

आपल्याकडचे डोंगर काळ्या पाषाणाचे, चुन्यासाठी नदीच्या पात्रातले खडे वेचून भाजावे लागायचे, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं आणि पुढे जवळजवळ दर रविवारी सांगितलं. कारण सासवडच्या अलीकडे ज्या जुन्या देवळापाशी आम्ही चहाला थांबायचो, तिथे चुन्याची घाणी आहे. जमिनीत दगडांनी बांधलेला एक गोल चर आणि त्यात कललेलं मोठं दगडी चाक. बैल ते चाक चरातून गोल गोल फिरवायचा, चुना मळून निघायचा आणि तो वापरून देवळाचं काम चालायचं. देवाला नमस्कार राहिला तरी बाबांचं चालायचं, पण त्या चाकावरून हात फिरवल्याशिवाय त्यांनी कधी चहा घेतला नाही.

सायकलवाल्यांची एक रीत आहे. पुढच्याने मागच्याला खड्डा दाखवायचा. मागच्याला पुढच्याचं चाक आणि पाठ एवढंच दिसत असतं, म्हणून खड्डा डावीकडे असेल तर डावा हात आणि उजवीकडे असेल तर उजवा हात हँडलवरून काढून खाली धरायचा. तरुण मुलं बोट दाखवतात आणि वर ओरडतात. बाबा ओरडत नसत. ते पंजा पूर्ण उघडून जमिनीकडे धरायचे, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. अकरा वर्षांत त्या हाताने मला एकदाही फसवलं नव्हतं. त्याच्या भरवशावर मी रस्त्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. मी डोंगर बघायची.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी कापूरहोळला आम्ही आत वळलो. शाळेच्या फाटकासमोर बाबांचा उजवा हात खाली गेला. मी सवयीने डावीकडे सरकले आणि का कोण जाणे, खाली पाहिलं. खड्डा नव्हता. त्याच्या जागी नव्या डांबराचा काळा चौकोन होता, रस्त्याच्या बरोबर पातळीत. मला वाटलं, हात सवयीने गेला असेल. पुढे चिंचेखाली डावा हात गेला. तिथेही काळा चौकोन. ओढ्यावरच्या मोरीपाशी आधी डावा, मग उजवा, आणि दोन्हीकडे कोरं डांबर.

थट्टा असेल असं क्षणभर मनात आलं. पण बाबांनी मला, सासूबाईंना, सोसायटीच्या चेअरमनला, सगळ्यांना टोमणे मारले असले तरी रस्त्याशी कधी थट्टा केलेली नव्हती. मी मोजायला लागले. चुका मोजणं हे माझं कामच आहे. नारायणपूर येईपर्यंत त्यांनी बारा खड्डे दाखवले आणि बाराही बुजवलेले होते. ते रस्ता बघत नव्हते. त्यांना तो तोंडपाठ होता.

'तुम्हाला दिसत नाही' हे सुनेने सासऱ्यांना कसं सांगायचं, ते मला सुचेना. आणि खरं सांगायचं तर मला त्यांची काळजी नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की माझा रविवार गेला. मला स्वतःची लाज वाटली, पण वाटलं ते वाटलं.

नारायणपूर ओलांडल्यावर पाइपासाठी कुणीतरी रस्त्याची डावी कड खणून वर नुसती माती लोटली होती. माती खचून चांगला वीतभर खड्डा झाला होता. हा नवा होता. बाबांचा हात हँडलवरच राहिला.

"बाबा!" मी ओरडले.

त्यांचं पुढचं चाक आत गेलं, सायकल उसळली, पाय पेडलवरून सुटला. ते पडले नाहीत. अर्धं मिनिट एक पाय जमिनीवर टेकून उभे राहिले. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला.

"नवीन आहे," ते म्हणाले.

"हो."

"चल."

देवळापाशी पोचलो तेव्हा त्यांनी नेहमीसारखा चाकावरून हात फिरवला. चहावाल्या बाईंनी कप पुढे केले. त्या आम्हाला पहिल्या रविवारपासून ओळखतात.

"आता बरं झालं बाबा तुमचं," त्या म्हणाल्या. "समदे खड्डे भरल्याती की. कोन मोठा मानूस येनार हाय म्हनं. पार कापूरहोळपासनं रस्ता झ्याक केलाय."

बाबांनी कप खाली ठेवला. बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेपर्यंत थांबले आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सगळे?"

"सगळे."

"शाळेसमोरचा?"

"तोसुद्धा."

"आणि मी?"

"तुम्ही सगळे दाखवलेत."

त्यांचा अपमान झाला होता आणि तो मी केला होता, निदान मला तसं वाटत होतं.

"कडा कशा आहेत? चौकोनी कापून भरलंय, की नुसतं ओतलंय?" त्यांनी विचारलं.

"चौकोनी कापलंय. सरळ रेषेत."

"वा. माझी सगळी नोकरी गेली लोकांना हे सांगण्यात." त्यांनी कप उचलला. "फ्रिजमधली ती थेंबांची बाटली आहे ना, ती डोळ्यांच्या कोरडेपणाची नाही. काचबिंदू आहे. समोरचं दिसतं. कडेचं आणि खालचं जात चाललंय. गेलेलं परत येत नाही, म्हणाले डॉक्टर."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

दोन वर्षं ती बाटली फ्रिजच्या दारात, लोण्याच्या डब्याशेजारी उभी होती. आम्ही तिघंही, मी, माझा नवरा आणि सासूबाई, दिवसातून दहा वेळा ते दार उघडत होतो. बाटलीवरचं नाव कुणी वाचलं नव्हतं. मीही नाही, आणि बारीक अक्षर वाचण्याचा मला पगार मिळतो.

"आईंना माहीत नाही?"

"तिला सांगितलं तर सायकल त्याच दिवशी बंद." ते घाणीकडे बघत होते. "बैलाला झापड बांधायचे. तरी तो बरोबर फिरायचा. वाट पक्की असली की भागतं."

"बैलाच्या चरात कुणी पाइप टाकायला खणत नव्हतं," मी म्हणाले.

मी त्यांच्याशी इतकं तोडून पूर्वी कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चक्क मान डोलावली. टोमणा चांगला असला तर ते दाद द्यायचे, मग तो स्वतःवर का असेना.

"तुम्ही घरी सांगा," मी म्हणाले. "आजच. नाहीतर मी सांगेन."

"आज घरी पोचायचंय आधी. बोपदेव बाकी आहे."

टेम्पो ठरवू, सायकली त्यात टाकू, असं मी दोनदा म्हणून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. समोरचं दिसतं, म्हणजे तुझं चाक दिसेल, हात दिसेल, तू पुढे हो, असं म्हणून त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा पुढे गेले. चहावाल्या बाईंनी ते पाहिलं.

बोपदेव घाट मी शेकडो वेळा उतरले असेन. त्या दिवशी तो मला अनोळखी वाटला. कुठे वळण येतं, कुठे वाळू सांडलेली असते, कुठे गाड्या आडव्या येतात, यातलं मला काहीच माहीत नव्हतं, कारण ते सगळं माझ्या वतीने दुसरं कुणीतरी बघत होतं. मी दोन्ही हात आळीपाळीने खाली धरत होते आणि मला मागे वळून बघायची भीती वाटत होती. हात काढला की सायकल डगमगत होती. खाली येवलेवाडीपाशी थांबलो तेव्हा माझे खांदे आखडून गेले होते.

"तीन दाखवायचे राहिले तुझे," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांतून गेलो ना मी."

दुपारी जेवताना त्यांनी आमटी मागावी तितक्या साध्या आवाजात सांगून टाकलं. सासूबाईंनी बाटली फ्रिजमधून काढून आणली, चष्मा लावून तिच्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, "दोन वर्षं मी तुम्हाला, अहो, डोळे चोळू नका, म्हणून ओरडतेय." त्यानंतर त्या उठून आत गेल्या. माझ्या नवऱ्याने सायकलीबद्दल बरंच मोठं भाषण केलं. बाबांनी ते पूर्ण ऐकलं. आठवडाभर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

दर शनिवारी संध्याकाळी ते खाली पार्किंगमध्ये जाऊन दोन्ही सायकलींत हवा भरायचे. आधी माझ्या, मग स्वतःच्या. त्या शनिवारीही पंप घेऊन गेले. आम्ही तिघंही गॅलरीत उभे राहून खाली बघत होतो, आणि आपण कपडे वाळलेत का बघायला आलोय असं प्रत्येकजण दाखवत होता. त्यांनी माझ्या सायकलीची दोन्ही चाकं भरली. अंगठ्याने दाबून पाहिली. मग पंपाची नळी गुंडाळली आणि वर आले.

रविवारी मी एकटी गेले. जावंसं वाटत नव्हतं, पण त्यांनी हवा भरली होती. सगळा वेळ मी रस्ता बघत होते. पुरंदर कधी आला आणि मागे पडला ते मला कळलं नाही.

अकराला घरी आले तेव्हा ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. सासूबाईंनी माझ्या हातात पाणी दिलं. मी समोर टेकले.

"शाळेसमोरचा?" त्यांनी विचारलं.

"टिकलाय."

"चिंचेखालचा?"

"कडेने उखडायला लागलाय."

"खालची खडी दाबली नसणार. मोरी?"

"मोरी ठीक आहे. मोरीच्या पुढे एक नवीन पडलाय. डावीकडे, वीतभर खोल."

त्यांनी डोळे मिटले. डावा हात खुर्चीवरून सुटला आणि खाली गेला, फरशीच्या थोडा वर, पंजा पूर्ण उघडा.

"पुढे?" ते म्हणाले.